इमेज आणि सिग्नल प्रक्रियेसाठी लायब्ररी निवडताना: नवख्यांसाठी पायरीपायरीने

इमेजसाठी ओपनसीव्ही शिकू की सायकिट-इमेज? आवाजासाठी सायपाय पुरेल की लिब्रोसा लागेल? नव्याने या विषयात येणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. पण आधी आपल्या डेटाकडे पाहायला हवं. पिक्सेल किती बिटांचा आहे, सेकंदाला किती नमुने येतात, निकाल त्या क्षणी हवा की रात्रभरात चालेल, आणि प्रोग्राम शेवटी कोणत्या यंत्रावर चालणार आहे, एवढं ठरलं की यादीतली बरीचशी नावं आपोआप गळतात. उरलेल्या दोन-तीन लायब्रऱ्या बहुधा एकत्रच वापराव्या लागतात. नवख्यांचे दिवस वाया जातात ते डेटा एका लायब्ररीतून दुसरीत नेताना झालेल्या चुका शोधण्यात, म्हणून इथे त्या सांध्यांना जास्त जागा दिली आहे. उदाहरणं पायथनमधली आहेत. सी किंवा सी++ कुठे लागतं, तेही ओघात येईल.

पायरी १: डेटाची नोंद कागदावर करा

कोणतीही लायब्ररी उतरवून घेण्याआधी इमेजबद्दल एवढं लिहून काढा: रुंदी, उंची, चॅनेल किती, एका चॅनेलला बिट किती, फाइल कोणत्या प्रकारची. सिग्नलबद्दल: सेकंदाला नमुने किती, चॅनेल किती, मोजमापाचं एकक काय, आणि तुम्हाला हवी असलेली माहिती साधारण किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंत आहे.

या नोंदीवरून लगेच हिशेब करता येतो. मोबाइलचा ४००० बाय ३००० पिक्सेलांचा रंगीत फोटो मेमरीत ८-बिट स्वरूपात ३.६ कोटी बाइट, म्हणजे ३६ एमबी जागा घेतो. जेपीईजी फाइल ४ एमबीची असली तरी उघडल्यावर ती एवढी होतेच. तोच फोटो ६४-बिट दशांश स्वरूपात गेला की २८८ एमबी होतो, आणि सायकिट-इमेजची बरीच फंक्शन्स नेमकं तेच करतात. दोन-तीन मधल्या प्रती तयार झाल्या की ४ जीबीचा लॅपटॉप अडतो. व्हिडिओचं गणित आणखी कडक: १९२० बाय १०८० चे २५ फ्रेम म्हणजे सेकंदाला सुमारे १५५ एमबी कच्चा डेटा, आणि एका फ्रेमसाठी हातात फक्त ४० मिलिसेकंद. इथे पिक्सेलगणिक फिरणारा पायथनचा लूप चालणारच नाही.

उलट बाजूही पाहा. हृदयाच्या विद्युत आलेखांचा एमआयटी-बीआयएच हा प्रसिद्ध संग्रह सेकंदाला ३६० नमुन्यांनी घेतलेला आहे, प्रत्येक नोंद अर्ध्या तासाची, दोन चॅनेलची. एका चॅनेलमध्ये साडेसहा लाखांच्या आसपास नमुने, म्हणजे दोन्ही मिळून दहा एमबीच्या घरात. एवढ्यासाठी सर्वांत वेगवान लायब्ररी शोधण्यात काही अर्थ नाही. जिचं दस्तऐवजीकरण चांगलं आहे ती घ्यावी.

पायरी २: प्रोग्राम कुठे चालणार?

स्वतःच्या लॅपटॉपवर चालणार असेल तर जवळजवळ सगळं खुलं आहे. सर्व्हरवर स्क्रीन नसते, त्यामुळे खिडकी उघडणारी लायब्ररी तिथे नुसता भार होते. रास्पबेरी पायवर मेमरी आणि वेग दोन्ही मोजके. मायक्रोकंट्रोलरवर तर पायथनच्या नमपाय, सायपाय या लायब्रऱ्या येतच नाहीत. तिथे आर्म कॉर्टेक्स-एम चिपांसाठी सीएमएसआयएस-डीएसपी ही सी मधली लायब्ररी वापरतात.

ग्राफिक्स कार्डाचा विचार शेवटी करा. पिपने (पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाने) बसणारी ओपनसीव्ही कुडाशिवाय, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डावर गणित चालवणाऱ्या सोयीशिवाय, बांधलेली असते. कार्ड वापरायचं तर ती स्वतः सोर्समधून बांधावी लागते, आणि पहिल्याच आठवड्यात नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. शिवाय लहान इमेज कार्डावर पाठवून परत आणण्यातच वाचलेला वेळ जातो. आधी साध्या प्रोसेसरवर वेळ मोजा. तो खरोखर कमी पडला, तरच पुढचं.

पायरी ३: पाया बसवा

प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रकल्पापुरती पॅकेजं ठेवणारी स्वतंत्र जागा) करा आणि त्यात आधी नमपाय (आकड्यांचे ॲरे), सायपाय (त्यांवरचं गणित) आणि मॅटप्लॉटलिब (आलेख) टाका. पायथनमधल्या या क्षेत्रातल्या जवळजवळ सगळ्या लायब्रऱ्या नमपायचा ॲरे देतात किंवा घेतात, म्हणून नमपाय नीट येणं हे इतर कोणत्याही लायब्ररीपेक्षा महत्त्वाचं आहे. ॲरेचा शेप (आकार), डीटाइप (आकड्यांचा प्रकार) आणि ॲक्सिस (अक्ष) या तीन गोष्टी अंगवळणी पडेपर्यंत पुढे जाऊ नका.

बसवताना नावांचा घोळ होतो. ओपनसीव्ही बसवताना नाव ओपनसीव्ही-पायथन, पण प्रोग्राममध्ये इम्पोर्ट करताना सीव्ही२. सायकिट-इमेज इम्पोर्ट करताना एसकेइमेज होते, आणि पिलो या इमेज लायब्ररीचं नाव पीआयएल. अंदाजाने नाव टाइप करून काहीतरी बसवू नका. खऱ्या नावाशी मिळतीजुळती नावं घेऊन खोडसाळ पॅकेजंही ठेवलेली असतात. नाव त्या लायब्ररीच्या अधिकृत पानावरून उचला.

ओपनसीव्हीची पिपवर चार पॅकेजं आहेत: साधं, काँट्रिब (जास्तीच्या भागांसह), आणि या दोघांची हेडलेस, म्हणजे खिडकी न उघडणारी, रूपं. यातलं एकच बसवायचं. चारही एकाच सीव्ही२ नावाच्या फोल्डरमध्ये उतरतात, त्यामुळे दोन बसवली की एकमेकांच्या फाइली खराब करतात आणि भलत्याच चुका दिसू लागतात. तसं झालंच तर सगळी काढून टाका आणि हवं ते एक पुन्हा बसवा. लिनक्स सर्व्हरवर किंवा डॉकरमध्ये "लिबजीएल डॉट एसओ डॉट १ सापडत नाही" असा संदेश आला, तर साध्या पॅकेजच्या जागी हेडलेस टाका. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

नमपाय २.० ही आवृत्ती जून २०२४ मध्ये आली आणि तिने जुन्या आवृत्तीवर बांधलेल्या पॅकेजांशी सुसंगती तोडली. "नमपाय १.एक्सवर कंपाइल केलेलं मोड्यूल" अशा अर्थाची चूक दिसली, की ते जुनं पॅकेज अद्ययावत करा. त्याची नवी आवृत्तीच नसेल तर नमपाय २ पेक्षा खालची ठेवा.

पायरी ४: इमेजसाठी कोणती?

फोटो उघडणं, आकार बदलणं, कातरणं, त्यावर मजकूर लिहिणं, स्वरूप बदलून साठवणं, एवढंच काम असेल तर पिलो घ्या. ती हलकी आहे आणि तासाभरात हाताशी येते. मात्र १६-बिट रंगीत पीएनजी ती गुपचूप ८-बिट करून उघडते, हे लक्षात ठेवा.

कॅमेरा, व्हिडिओ, कडा शोधणं, वस्तूचा माग काढणं, कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन आणि वेग ही गरज असेल तर ओपनसीव्ही. तिची सुरुवात १९९९ मध्ये इंटेलमध्ये झाली. आतून ती सी++ मध्ये आहे, त्यामुळे पायथनमध्ये प्रयोग करून नंतर तेच काम सी++ मध्ये नेणं सोपं जातं.

मोजमाप आणि अभ्यासासाठी सायकिट-इमेज मला जास्त योग्य वाटते: पेशी मोजणं, भागांचं क्षेत्रफळ, पोत, वेगवेगळ्या थ्रेशोल्ड पद्धतींची (काळं आणि पांढरं वेगळं करणारी सीमा ठरवण्याच्या) तुलना. फंक्शन्स वाचनीय आहेत, सोर्स वाचून पद्धत समजते. वेगात ती बहुतेक कामांत ओपनसीव्हीच्या मागे राहते, पण शिकणाऱ्याला तो तोटा जाणवत नाही.

खास डेटासाठी खास लायब्ररीच घ्यावी, इथे तडजोड नको. उपग्रहाची चित्रं पिलोने उघडली तर जमिनीवरच्या जागेची माहिती हरवते. सेंटिनेल-२ च्या चित्रांत तर १३ पट्टे असतात. तिथे जीडॅल किंवा तिच्यावर उभी असलेली रास्टरिओ लागते. सीटी, एमआरआयच्या डायकॉम फायलींसाठी पायडायकॉम किंवा सिंपलआयटीके. सीटीमध्ये फायलीतला आकडा हे अंतिम मूल्य नसतं. फायलीतच दिलेल्या स्लोपने गुणून आणि इंटरसेप्ट मिळवून हाउन्सफील्ड मूल्य काढावं लागतं, ज्यात पाणी ० आणि हवा उणे १००० असते. सिंपलआयटीकेमध्ये अक्षांचा क्रम एक्स, वाय, झेड असतो, तर तिच्यातून नमपायमध्ये आणलेल्या ॲरेत झेड, वाय, एक्स. हा उलटा क्रम विसरला की गाठ भलत्याच थरात दिसते. आणि नकाशांच्या प्रचंड स्कॅनसारख्या, मेमरीत न मावणाऱ्या इमेजसाठी लिबव्हिप्स आहे. ती चित्र तुकड्यातुकड्याने वाहतं ठेवते, पूर्ण उघडत नाही.

एक खरं काम घेऊन निवड कशी होते ते पाहू. जुन्या मराठी छापील पानांचे फोटो आहेत आणि त्यांतला मजकूर टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामने ओळखायचा आहे. मराठीचा डेटा 'एमएआर' या नावाने वेगळा बसवावा लागतो, आणि पायटेसरॅक्ट ही पायथनसाठीची नुसती जोडणी आहे, मूळ टेसरॅक्ट स्वतंत्रपणे बसवलेलं असावं लागतं. पान ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) आसपास हवं.

पान तिरपं असेल तर देवनागरीत शिरोरेषेचा मोठा आधार मिळतो. ओपनसीव्हीच्या हफलाइन्सपी या फंक्शनला आडव्या लांब रेघा चटकन सापडतात. त्यांच्या कोनांचा मध्यक घ्या आणि पान तेवढं फिरवा. सरासरी घेऊ नका, कारण चौकटीची एखादी उभी रेघ ती बिघडवते. पुढे काळं-पांढरं करायचं. पिवळ्या पडलेल्या, एका बाजूला सावली असलेल्या पानावर एकच थ्रेशोल्ड चालत नाही. साउवोला पद्धत, जी प्रत्येक जागेचा थ्रेशोल्ड तिच्याभोवतीच्या छोट्या खिडकीवरून ठरवते, इथे चांगली लागू पडते. ती सायकिट-इमेजमध्ये थेट आहे, ओपनसीव्हीच्या मुख्य भागात नाही, काँट्रिबमध्ये आहे. सायकिट-इमेजच्या फंक्शनची खिडकी मुळात १५ पिक्सेलांची असते. मोठ्या अक्षरांना ती अपुरी पडते आणि जाड दांड्यांच्या आत पांढरी छिद्रं दिसतात. मग २५, ३१, ५१ असे विषम आकडे वापरून पाहा.

ठिपके काढण्यासाठी मीडियन फिल्टर (शेजारच्या पिक्सेलांतलं मधलं मूल्य घेणारा) लावताना फार जपावं लागतं. १५० डीपीआयच्या पानावर अनुस्वार जेमतेम दोन-तीन पिक्सेलांचा असतो. ५ बाय ५ चा मीडियन त्याला धूळ समजून पुसतो आणि "अंत"चं "अत" होतं. इंग्रजी पानांवर लिहिलेल्या मार्गदर्शकांत हा आकडा बिनधास्त दिलेला असतो. देवनागरीसाठी आधी पान ३०० डीपीआयला आणा, मग ३ बाय ३ वर थांबा, आणि अनुस्वार, नुक्ता, रफार जागेवर आहेत का ते डोळ्यांनी तपासा. तर या एका कामात ओपनसीव्ही, सायकिट-इमेज आणि टेसरॅक्ट तिन्ही लागल्या.

मराठी मजकूर इमेजवर लिहायचा असेल तर ओपनसीव्हीचं पुटटेक्स्ट उपयोगी नाही. देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. पिलो वापरा, देवनागरी फाँटची फाइल द्या, आणि पिलोच्या फीचर्स मोड्यूलमधून 'राक्म' (जोडाक्षरं नीट जुळवणारी लायब्ररी) उपलब्ध आहे का ते तपासा. राक्म नसेल तर अक्षरं उमटतात पण जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व इकार चुकीच्या बाजूला पडतो.

पायरी ५: सांध्यावरच्या चुका

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक ही: ओपनसीव्हीचं आयएमरीड फाइल न सापडल्यास अपवाद फेकत नाही, नन (रिकामं मूल्य) परत देतं. चूक नंतर कुठेतरी, रंग बदलताना "सोर्स रिकामा आहे" अशा संदेशाने फुटते. वाचल्यावर लगेच नन आहे का ते तपासा. विंडोजवर फोल्डरचं नाव देवनागरीत असेल, समजा "फोटो" किंवा "दिवाळी २०२४", तर फाइल जागेवर असूनही आयएमरीडला बहुतेक वेळा ती उघडता येत नाही. उपाय: नमपायच्या फ्रॉमफाइलने बाइट वाचा आणि ते ओपनसीव्हीच्या आयएमडीकोडला द्या. साठवताना उलट, आयएमएनकोड आणि मग टूफाइल.

रंगांचा क्रम ओपनसीव्हीत निळा-हिरवा-लाल, बाकी जवळजवळ सगळीकडे लाल-हिरवा-निळा. चेहरे निळसर दिसले की हेच कारण. डोळ्यांना दिसतं तेव्हा निदान कळतं तरी. पण प्रशिक्षित मॉडेलला उलट क्रमाने इमेज दिली तर ते तक्रार न करता कमी अचूक उत्तरं देत राहतं.

मुळात काही न सांगता वाचल्यास आयएमरीड सगळं ८-बिट, तीन चॅनेलचं करून देतं. १६-बिटची वैज्ञानिक इमेज असेल तर 'अनचेंज्ड' हा पर्याय द्यावाच लागतो, नाहीतर अर्धी माहिती पहिल्याच ओळीत गेली. मात्र या पर्यायाबरोबर फोटोतली दिशेची नोंद पाळली जात नाही. एरवी ओपनसीव्ही ती पाळते, पिलो आपणहून पाळत नाही. म्हणून मोबाइलचा उभा फोटो एका लायब्ररीत उभा आणि दुसरीत आडवा दिसतो. पिलोत इमेजऑप्समधलं एक्झिफ-ट्रान्सपोज वापरा.

मूल्यांची मर्यादा. सायकिट-इमेजचं गॉशियन फिल्टर ८-बिट इमेज घेऊन ० ते १ मधले दशांश परत देतं. ते तसंच ओपनसीव्हीने साठवलं की फोटो काळाकुट्ट येतो, कारण सगळी मूल्यं ० किंवा १ होतात. सायकिट-इमेजचं 'आयएमजी_ॲज_यूबाइट' वापरून परत ८-बिट करा. नुसता डीटाइप बदलणं हा उपाय नव्हे. बेरजेतही असंच होतं. ८-बिट नमपाय ॲरेत २०० आणि १०० ची बेरीज ४४ येते, कारण २५५ नंतर आकडा फिरून शून्यावर येतो. ओपनसीव्हीचं ॲड मात्र २५५ वर थांबतं. उजेड वाढवल्यावर पांढऱ्या आकाशात काळे डाग दिसले तर हा दोष.

नमपायमध्ये आधी ओळ, मग स्तंभ, म्हणजे उंची मग रुंदी. ओपनसीव्हीच्या रीसाइझला आणि वर्तुळ काढणाऱ्या फंक्शनला रुंदी मग उंची. चौरस इमेजवर चाचणी घेतली तर ही चूक कधीच उघडी पडत नाही, म्हणून चाचणीची इमेज नेहमी लांबट ठेवा. ओपनसीव्हीत ८-बिट एचएसव्ही रंगपद्धतीचा ह्यू (रंगछटा) ० ते १७९ असतो, ३५९ पर्यंत नाही.

आकार लहान करतानाचा फरक सूक्ष्म आहे पण महाग पडतो. पिलो लहान करताना आपोआप शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घेते, ओपनसीव्हीचं नेहमीचं रेषीय रीसाइझ घेत नाही, त्यामुळे बारीक रेघा तुटतात, जाळीवर लाटा दिसतात. ओपनसीव्हीत लहान करताना 'इंटर_एरिया' निवडा. मॉडेल शिकवताना पिलो आणि प्रत्यक्ष वापरताना ओपनसीव्ही असं झालं तर अचूकता घसरते आणि कारण सापडता सापडत नाही. दोन्हीकडे एकच लायब्ररी, एकच पद्धत ठेवा.

पायरी ६: सिग्नलसाठी कोणती?

फिल्टर, वर्णपट (कोणत्या हर्ट्झला किती जोर ते), शिखरं शोधणं, नमुनादर (सेकंदाचे नमुने) बदलणं, हे सगळं सायपायच्या सिग्नल भागात आहे आणि नवख्याला वर्षभर पुरतं. आवाजाच्या फाइली वाचायला साउंडफाइल, संगीत आणि बोलण्याच्या विश्लेषणाला लिब्रोसा, आवाजावर मॉडेल शिकवायचं असेल तर टॉर्चऑडिओ. हृदयालेखांचा वर सांगितलेला संग्रह वाचायला डब्ल्यूएफडीबी ही छोटी लायब्ररी आहे.

फिल्टर रचताना सायपायच्या बटर फंक्शनला आउटपुट म्हणून 'एसओएस' मागा. जुन्या मार्गदर्शकांत बी आणि ए असे दोन गुणकसंच घेतलेले दिसतील. हृदयालेखासाठी ०.५ ते ४० हर्ट्झचा पट्टा हवा असतो, आणि ०.५ हर्ट्झ ही सीमा नमुनादराच्या मानाने फारच खाली आहे. अशा वेळी बी-ए स्वरूपात गुणकांतली बारीकशी गोलाई फिल्टरला अस्थिर करू शकते आणि आउटपुट फुगत जातो. एसओएस तोच फिल्टर दुसऱ्या घाताच्या तुकड्यांत मांडतं, म्हणून टिकतं. आणखी एक: पट्टा-फिल्टरला तुम्ही घात ४ दिलात तर प्रत्यक्षात तो ८ चा होतो.

नोंद आधीच पूर्ण झालेली असेल तर एसओएसफिल्टफिल्ट वापरा. ते पुढून आणि मागून दोन्हीकडून फिरतं, त्यामुळे शिखरं जागची सरकत नाहीत. थेट येणाऱ्या सिग्नलवर ते चालत नाही, कारण पुढचे नमुने आलेलेच नसतात. तिथे एसओएसफिल्ट घ्या आणि त्याची झेडआय ही स्थिती एका तुकड्याकडून पुढच्या तुकड्याकडे न्या. ती नेली नाही तर प्रत्येक तुकड्याच्या सांध्यावर झटका दिसतो, आणि लोक तो सेन्सरचा दोष समजतात.

विजेची घरघर काढताना आकडा तपासा. एमआयटी-बीआयएच संग्रह अमेरिकेत बॉस्टनमध्ये नोंदलेला आहे, तिथे वीज ६० हर्ट्झची, आणि त्यावर आधारलेल्या उदाहरणांत नॉच (एकाच हर्ट्झला कापणारा फिल्टर) ६० वर लावलेला असतो. आपल्याकडे ५० हर्ट्झ. पुण्यात एडी८२३२ या हृदयालेखाच्या सेन्सरवर घेतलेल्या नोंदीला ६० चा नॉच लावून काहीच साफ होत नाही. सायपायच्या आयआयआरनॉचला ५०, क्यू (फट किती अरुंद ते ठरवणारा आकडा) ३० आणि तुमचा नमुनादर द्या. या क्यूला सुमारे १.७ हर्ट्झ रुंदीची फट पडते. नमुनादर सेकंदाला १०० ठेवला असेल तर ५० हर्ट्झ नेमकं अर्ध्यावर, म्हणजे मोजता येणाऱ्या सीमेवरच येतं. ९० ठेवला तर ती घरघर ४० हर्ट्झवर दुमडून येते आणि मग तिला हृदयाच्या सिग्नलपासून वेगळं करणं अवघड होतं. २५० किंवा ५०० घ्या, आणि मायक्रोकंट्रोलरवर नमुने डिलेने न घेता हार्डवेअर टायमरने घ्या. डिलेमध्ये बाकीच्या कामाचा वेळ मिसळतो आणि नमुन्यांमधलं अंतर असमान होतं.

पायथनमध्ये रचलेला हाच फिल्टर मायक्रोकंट्रोलरवर नेताना सीएमएसआयएस-डीएसपीत एक मोठा खड्डा आहे. सायपायच्या एसओएसच्या प्रत्येक ओळीत सहा गुणक असतात: बी चे तीन, ए चे तीन. सीएमएसआयएसला पाच लागतात. ए० हा नेहमी १ असतो, तो वगळायचा. आणि ए१, ए२ यांची चिन्हं उलटी करून द्यायची, कारण तिच्या सूत्रात ते वजा होत नाहीत, मिळवले जातात. चिन्हं तशीच दिली तर आउटपुट काही क्षणांत अनंताकडे जातो.

आवाजाकडे. लिब्रोसाचं लोड फंक्शन काही न सांगता दिलं तर फाइल सेकंदाला २२०५० नमुन्यांवर आणतं आणि दोन चॅनेलचं एक करतं. म्हणजे ११०२५ हर्ट्झच्या वरचं सगळं गेलं. गायकाच्या स्वराच्या अभ्यासाला त्याने बिघडत नाही, पण झांज-टाळांचा झणकार तपासत असाल तर एसआर (नमुनादर) या पर्यायाला नन द्या. लिब्रोसाची काही फंक्शन्स पहिल्यांदा चालवताना रेंगाळतात, कारण तेव्हा आत कंपाइल होत असतं. वेग मोजायचा तो दुसऱ्यांदा.

सायपायचं वेव्हफाइल १६-बिट फाइल उणे ३२७६८ ते ३२७६७ अशा पूर्णांकांत देतं, साउंडफाइल उणे १ ते १ मध्ये. एकासाठी ठरवलेला थ्रेशोल्ड दुसऱ्याला लागू नाही. दोन चॅनेलची फाइल साउंडफाइल नमुने-मग-चॅनेल अशी देते, लिब्रोसा चॅनेल-मग-नमुने. सायपायचं फिल्टर मुळात शेवटच्या अक्षावर चालतं. त्यामुळे साउंडफाइलचा ॲरे तसाच दिला की एसओएसफिल्ट वेळेवर न चालता डाव्या-उजव्या चॅनेलमध्ये चालतं, आणि चूक अजिबात दाखवत नाही. ॲक्सिस ० द्या.

वर्णपटासाठी वेगळी लायब्ररी शोधण्याआधी खिडकीची (एका वेळी घेतलेल्या नमुन्यांच्या तुकड्याची) लांबी तपासा. बारकावा म्हणजे नमुनादर भागिले खिडकीतले नमुने. ४४१०० ला २०४८ ने भागलं की २१.५ हर्ट्झ. षड्ज १३०.८ हर्ट्झवर धरला तर कोमल ऋषभ १३८.६ च्या आसपास, अंतर ८ हर्ट्झसुद्धा नाही. २०४८ च्या खिडकीत हे दोन स्वर एकच दिसणार, लायब्ररी कोणतीही असो. ८१९२ ने बारकावा ५.४ हर्ट्झ होतो, पण तुकड्याच्या कडा मऊ करणारी हान खिडकी स्वराला शेजारच्या घरांत पसरवते, म्हणून १६३८४ घ्यावी.

पायरी ७: परवाना वाचा

कॉलेजच्या प्रकल्पात याकडे कोणी पाहत नाही आणि तोच प्रकल्प पुढे विकायची वेळ आली की अडचण होते. नमपाय, सायपाय, सायकिट-इमेज बीएसडी परवान्यावर आहेत. ओपनसीव्ही ४.५ पासून अपाची २ वर. लिब्रोसा आयएससीवर. या सगळ्या विक्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये चालतात, परवान्याचा मजकूर सोबत द्यावा लागतो. लिबव्हिप्स एलजीपीएलवर आहे. वेगळी लायब्ररी म्हणून जोडली तर ती वापरता येते, पण अटी पाहून. एफएफटीडब्ल्यू ही फूरिये रूपांतराची (वर्णपट काढण्याची) उत्तम लायब्ररी, पण जीपीएलवर, जो तिच्यासोबत वाटलेल्या प्रोग्रामचाही सोर्स खुला करायला लावतो. बंद सॉफ्टवेअरमध्ये घालायची तर एमआयटीकडून व्यावसायिक परवाना घ्यावा लागतो. पायथनमध्ये सायपायचं स्वतःचं एफएफटी बहुतेकांना पुरतं, आणि सी मध्ये बीएसडी परवान्याची किसएफएफटी आहे.

एजीपीएलकडे विशेष लक्ष द्या. अल्ट्रालिटिक्सची वस्तू ओळखणारी योलो आणि संगीत विश्लेषणाची एसेन्शिया या दोन्ही त्यावर आहेत. यात बदललेला प्रोग्राम नुसता सर्व्हरवर ठेवून लोकांना सेवा दिली तरी सोर्स खुला करण्याची अट लागू होते. दोघींचाही व्यावसायिक परवाना वेगळा मिळतो. ओपनसीव्हीतल्या सिफ्टबद्दल (इमेजमधले ठळक बिंदू शोधणारी पद्धत) जुन्या पानांवर पेटंटची भीती लिहिलेली सापडेल. ते पेटंट मार्च २०२० मध्ये संपलं आणि ४.४ पासून सिफ्ट मुख्य भागात आहे.

पायरी ८: उत्तर माहीत असलेली चाचणी घ्या

शेवटची निवड दोन लायब्रऱ्यांवर आली की दोन्हींना असा डेटा द्या ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे. इमेजसाठी ४ ओळी आणि ६ स्तंभांचा काळा ॲरे करा. पहिल्या ओळीच्या शेवटच्या स्तंभात एकच शुद्ध लाल पिक्सेल ठेवा, पीएनजीत साठवा, दुसऱ्या लायब्ररीने उघडा. पिक्सेल त्याच जागी, लाल, आणि मूल्य २५५ असेल तर रंगक्रम, अक्षक्रम, मूल्यमर्यादा तिन्ही एका झटक्यात तपासून झाल्या. जेपीईजीवर ही चाचणी घेऊ नका. त्यात मूल्यं बदलतातच, आणि वेगवेगळे डीकोडर एक-दोन आकड्यांनी वेगळं उत्तर देऊ शकतात.

सिग्नलसाठी सेकंदाला ५०० नमुन्यांवर दहा सेकंदांचा सिग्नल करा: १० हर्ट्झची, उंची १ ची लाट आणि तिच्यात ५० हर्ट्झची, उंची ०.५ ची लाट. वर्णपटात शिखरं १० आणि ५० वर यायला हवीत. नॉच लावल्यावर मधल्या आठ सेकंदांत १० ची उंची १ च्या अगदी जवळ राहायला हवी आणि ५० ची जवळजवळ नाहीशी व्हायला हवी. कडांचा एकेक सेकंद सोडायचा, कारण फिल्टर तिथे स्थिरावत असतो. ५० चं शिखर २५ किंवा १०० वर आलं तर नमुनादर कुठेतरी अनुक्रमे निम्मा किंवा दुप्पट दिला गेला आहे.

मग तुमचा खरा डेटा, खऱ्या आकारात, खऱ्या यंत्रावर चालवून वेळ आणि मेमरी मोजा. लॅपटॉपवरचा वेळ पाहून रास्पबेरी पायबद्दल अंदाज बांधू नका. लायब्ररीचं अलीकडचं प्रकाशन कधीचं आहे, तुमच्या पायथनच्या आवृत्तीसाठी तयार व्हील (आधीच बांधलेलं पॅकेज) मिळते का, हेही याच वेळी पाहा. व्हील नसेल तर पिप सोर्समधून बांधायला जातं, आणि विंडोजवर सी++ कंपायलर नसल्याची लांबलचक चूक येते. अशा वेळी पायथनची एक आवृत्ती मागे जाणं हा सर्वांत स्वस्त मार्ग.

सगळं जमलं की त्याच दिवशी पिप फ्रीझ चालवून सगळ्या आवृत्त्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये उतरवा, आणि वरच्या दोन चाचण्या त्याच फोल्डरमध्ये ठेवा. पुढे कोणतीही लायब्ररी अद्ययावत केलीत की आधी त्या चालवा, मगच खऱ्या डेटाला हात लावा.